एक बाई, सहा दारं



आज आम्ही तुम्हाला एका पिशवीची गोष्ट सांगणार आहोत. साडीच्या दुकानात मिळते तशी जाड प्लॅस्टिकची पिशवी. आमच्या गटातली एक बाई ती घेऊन बैठकीला आली होती. गोष्ट सांगायची परवानगी तिनं दिली आहे, पण नाव घेऊ नका म्हणाली. आपण तिला वहिनी म्हणू.

वहिनींचे मालक शहरात ड्रायव्हर होते. एका रात्री तिथंच छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं आणि सगळं संपलं. मागं म्हातारी सासू, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि मालक व दीर अशा दोघा भावांच्या नावावर सामायिक असलेली तीन एकर जिरायत. पहिले चार महिने वहिनी गटाच्या बैठकीला आल्या नाहीत. बचत मात्र चुकली नाही, मुलीच्या हाती पाठवत होत्या. पाचव्या महिन्यात स्वतः आल्या आणि पिशवी आमच्यापुढं सतरंजीवर ओतली. म्हणाल्या, “ताई, यातलं काय कमी आहे तेवढं सांगा. मला आता कळेनासं झालंय.”

पिशवीत आधार कार्डाच्या झेरॉक्स होत्या, रेशनकार्ड होतं, दवाखान्याचे कागद होते, भरलेले आणि अर्धवट भरलेले अर्ज होते. आणि मुलीची एक वही होती. वहीच्या मागच्या पानावर त्या पोरीनं आईच्या खेपा लिहून ठेवल्या होत्या. तारीख, कुठं गेली, काय सांगितलं, एसटीला किती पैसे लागले. चार महिन्यांत चौदा खेपा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून भाडं तरी निम्मं लागलं. पण चौदा दिवसांची मजुरी गेली, ती कुणी अर्धी केली नव्हती.

आम्ही ते पान मोठ्यानं वाचलं. महापालिकेत तीन खेपा, तलाठ्याकडं चार, तहसीलच्या निराधार शाखेत तीन, पुरवठा शाखेत दोन, बँकेत दोन. आणि सहावं दार, जिथं मुलांसाठी मदत मिळते, ते वहिनींना माहीतच नव्हतं. पाच ठिकाणी चौदा वेळा जाऊन आलेल्या बाईला सहावं ठिकाण कुणीच सांगितलं नव्हतं.

सगळे खरं बोलले, तरी काम झालं नाही

हे वाचून गटातल्या बायका चिडल्या. “पैसे खायचे असतील,” एक जण म्हणाली. आम्ही वहिनींना विचारलं. तर नाही, कुणी पैसे मागितले नव्हते. कुणी हाकलूनही दिलं नव्हतं. प्रत्येक खिडकीनं तिला खरं तेच सांगितलं होतं.

निराधार शाखेनं सांगितलं, मृत्यूचा दाखला आणा. दाखला आणायला ग्रामपंचायतीत गेली, तर कळलं की माणूस जिथं वारतो तिथं नोंद होते, गावात नाही. म्हणजे शहरात जा. शहरातून दाखला आणला, तर त्यावर मालकांचं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नव्हतं. दुरुस्तीला पुन्हा शहर. तोवर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. तो नव्यानं काढायला तलाठ्याचा अहवाल हवा, आणि तलाठ्यांकडं तीन गावं, आपल्या गावात ते आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच.

म्हणजे कुणी चूक केली नाही, तरी बाई फिरतच राहिली. कारण प्रत्येकानं आपल्या पुरतं सांगितलं. पुढच्या दारात काय मागतील हे मागच्या दाराला माहीत नव्हतं, आणि माहीत असलं तरी सांगणं हे त्याचं काम नव्हतं. सरकारी भाषेत याला “समन्वयाचा अभाव” म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एका घरात सहा चुली, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही.

गावात एकत्र, वर वेगळे

असं का होतं, ते आम्ही आमच्या बैठकीत जमिनीवर खडूनं शिड्या काढून समजून घेतलं. तुम्हीही काढून बघा.

आपल्या गावात सरकारची चार-पाच माणसं येतात. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. तलाठी, ज्यांचं नवं नाव ग्राम महसूल अधिकारी. अंगणवाडी सेविका, आशाताई, कृषी सहायक, शाळेचे गुरुजी. आपल्याला वाटतं, हे सगळं एकच सरकार. पण प्रत्येकाची शिडी वेगळी आहे.

तलाठ्यांच्या वर मंडळ अधिकारी, त्यांच्या वर तहसीलदार, मग प्रांत, मग जिल्हाधिकारी. ही महसूलची शिडी. ग्रामसेवकांच्या वर पंचायत समितीचे गटविकास अधिकारी आणि त्यांच्या वर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. ही दुसरी शिडी. अंगणवाडीची शिडी पर्यवेक्षिकेवरून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं जाते, आशाताईंची प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं. तहसीलदार हे गटविकास अधिकाऱ्यांचे साहेब नाहीत आणि गटविकास अधिकारी हे तहसीलदारांचे नाहीत. गावात तलाठी आणि ग्रामसेवक एकाच पारावर चहा पितील, पण एकानं दुसऱ्याला “हे काम करा” असं सांगायचा अधिकार नाही.

यामागं इतिहास आहे. महसूलची शिडी इंग्रजांच्या काळापासूनची. सारा गोळा करणं आणि शांतता राखणं हे तिचं मूळ काम. जिल्हा परिषदा आपल्या राज्यात १ मे १९६२ ला सुरू झाल्या. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तशी शिफारस केली होती. हेतू चांगला होता, की विकासाची कामं लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हाती असावीत. पण त्यामुळं जिल्ह्यात दोन मोठी घरं झाली. जमिनीचा कागद एका घरात, गावाच्या विकासाचा कागद दुसऱ्या घरात.

याचा साधा दाखला बघा. “आठचा उतारा आणा” असं सांगितलं की आपली गडबड होते. तलाठ्याकडं मिळतो तो आठ-अ, तो शेतजमिनीच्या खात्याचा. ग्रामपंचायतीत मिळतो तो नमुना आठ, तो घराचा. नावं सारखी, घरं वेगळी. वहिनींची एक खेप नुसती या आठाच्या घोळात गेली होती.

आता दुसरी गंमत. तहसील कचेरीची इमारत एक असली तरी आत तीन खाती बसतात. जमिनीचं काम महसूल खात्याचं, रेशनकार्डाचं अन्न व नागरी पुरवठा खात्याचं, आणि संजय गांधी निराधार योजना सामाजिक न्याय खात्याची. तिन्हींवर तहसीलदारांची सही चालते, पण फायली तीन, अर्ज तीन, आधारची झेरॉक्स तीन वेळा. एकाच व्हरांड्यात तीन खिडक्या, आणि तिन्हींना वेगवेगळं सांगायचं की माझा नवरा वारला.

गरीब कोण, याचंही उत्तर एक नाही. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाचं उत्पन्न ४४ हजारांपर्यंत चालतं. निराधार योजनेला २१ हजारांपर्यंतच चालतं. लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांपर्यंत. म्हणजे तीच बाई एका खिडकीवर गरीब आणि शेजारच्या खिडकीवर गरीब नाही. त्यामुळं “माझ्याकडं पिवळं कार्ड आहे, मग निराधारला का अडवता” असं भांडून उपयोग होत नाही. मापं वेगळी आहेत, आणि प्रत्येक अर्जाआधी त्या योजनेचं माप विचारावं लागतं.

सरकारनं काय करून पाहिलं

ही अडचण सरकारला कळत नाही असं नाही. गेल्या काही वर्षांत ती सोडवायचे प्रयत्न झाले, ते आपल्याला माहीत हवेत. कारण त्यांचा आधार घेऊन आपण बोलू शकतो.

पहिला, २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा. जी सेवा या कायद्याखाली जाहीर झाली आहे, ती ठरलेल्या दिवसांत मिळणं हा आपला हक्क आहे. त्या सेवांची यादी, किती दिवसांत मिळणार, कुणी द्यायची आणि नाही मिळाली तर अपील कुणाकडं करायचं, हा फलक प्रत्येक कार्यालयात लावायलाच हवा. अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे. नाकारला तर कारण लेखी दिलं पाहिजे. वेळेत काम झालं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं, मग दुसरं अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. वकील लागत नाही. पण हा कायदा एका खिडकीला धरून ठेवतो. दोन खिडक्यांच्या मधला रस्ता तो बांधत नाही.

दुसरा प्रयत्न करोनाच्या वेळचा. त्या साथीत किती तरी घरांतला कमावता माणूस गेला. एकल महिलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारनं “मिशन वात्सल्य” सुरू केलं. त्यातली कल्पना साधी होती, पण नवी होती. तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली एक समन्वय समिती. तिच्यात महसूल, पंचायत समिती, शिक्षण, बालविकास अशा वेगवेगळ्या शिड्यांची माणसं एका टेबलाभोवती. आणि गावपातळीवर पथक, जे त्या बाईच्या घरी जाईल, काय कागद आहेत, काय नाहीत ते बघेल. बाईनं सहा दारं हिंडायची नाहीत, सहा दारांनी तिच्याकडं यायचं. जिथं तहसीलदारांनी मनावर घेतलं आणि बैठका झाल्या, तिथं फरक पडला. जिथं बैठकच झाली नाही, तिथं ते कागदावर राहिलं. यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. समन्वय हुकमानं सुरू होतो, पण टिकतो तो बैठकीनं.

तिसरा प्रयत्न शिबिरांचा. २०२३ मध्ये “शासन आपल्या दारी” अभियान झालं, एका मांडवात अनेक खात्यांची टेबलं. आणि २०२५ मध्ये “जिवंत सातबारा” मोहीम. बुलढाणा जिल्ह्यात आधी करून पाहिलेली ही मोहीम मग सगळ्या राज्यात नेली. सातबारावर वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांची नावं तशीच होती; ती काढून वारसांची नावं लावायची. शिबिरं चांगलीच, जरूर जावं. पण मरण काही शिबिराची तारीख बघून येत नाही. मांडव उठल्यावर ज्या घरात दुःख येईल, तिथल्या बाईला पुन्हा तीच सहा दारं.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. खाती एकमेकांशी बोलूच शकत नाहीत असं नाही. लाडकी बहीण योजनेचा नियम आहे की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० रुपये किंवा जास्त मिळत असतील तर हा लाभ नाही. २०२५ च्या सुरुवातीला निराधारचे पैसे घेणाऱ्या बायकांची नावं त्या यादीतून काढली गेली. नियम नियमाच्या जागी आहे, त्यावर आमचं भांडण नाही. पण नाव काढायला एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याशी जुळवता येते, तर नाव लावायलाही जुळवता यायला हवी. मृत्यूची नोंद झाली की तिथूनच तलाठ्यांना, पुरवठा शाखेला आणि निराधार शाखेला कळावं, एवढंच आपलं मागणं आहे.

दिरांचा कागद

पुन्हा वहिनींकडं येऊ. कारण कागदांच्या या फिरतीत खरा धोका कुठं असतो ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

बैठक संपता संपता वहिनी हळूच म्हणाल्या, “दीर म्हणतात, ह्या एका कागदावर सही कर, मग तलाठ्याकडचं सगळं मी बघतो. तुला हिंडायला नको.” आणि पदराआडून एक वेगळा कागद काढला. तो पिशवीत नव्हता.

तो हक्कसोडीचा कागद होता. म्हणजे तीन एकरातला आपला आणि मुलांचा हक्क आम्ही दिरांसाठी सोडतो, असा मजकूर. वहिनींना वाटलं होतं, नावाची नोंद व्हायला हा कागद लागतोच. चार खेपा मारून काम झालं नव्हतं, त्यामुळं पाचवी खेप कुणी वाचवत असेल तर ती सही करायला तयार होती. आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर केलीही असती.

म्हणून हे नीट ऐका. वारसाची नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस म्हणून नाव लावायला हक्कसोड लागत नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणं नवऱ्याच्या मिळकतीत बायको, मुलगा, मुलगी आणि नवऱ्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं वारसाचा अर्ज द्यावा. तलाठी वारस नोंदवहीत नोंद घेतात, फेरफार होतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग सातबारावर नाव येतं. हक्कसोड कुणाला द्यायची असेल तर ती ज्याच्या त्याच्या मर्जीची गोष्ट. ती दुय्यम निबंधकाकडं नोंदवावी लागते. घरात साध्या कागदावर घेतलेल्या सहीवर जमिनीचा हक्क जात नाही, पण तसा कागद दाखवून बाईला दबवता येतं. आणि अज्ञान मुलांचा हक्क आईनं सहीनं सोडायचा म्हटलं तर त्याला न्यायालयाची परवानगी लागते.

दीर वाईटच होते असं आम्ही म्हणणार नाही. पण बाईला सहा दारांनी दमवलं की सातवं दार सोपं वाटायला लागतं. म्हणून समन्वय हा शब्द जड वाटला तरी त्याच्याशी आपला संबंध आहे. तो नसला की तीन एकर जाऊ शकतात.

कोणता कागद आधी

आता कामाचं बोलू. आमच्या ग्रामसंघानं या अनुभवातून एक क्रम बसवला. कागद एकमेकांवर उभे असतात. खालचा नसेल तर वरचा पडतो.

सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला. माणूस घरी वारला तर २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायची, तेव्हा पैसे लागत नाहीत. २१ दिवस उलटले तर उशिराचं शुल्क, ३० दिवसांनंतर वरची परवानगी आणि स्वतः सही केलेला कागद, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दवाखान्यात वारला तर नोंद दवाखाना करतो आणि दाखला त्या गावच्या किंवा शहरच्या कार्यालयातून मिळतो. दवाखान्यात नाव सांगताना हाती आधार कार्ड धरा. टोपणनाव सांगू नका. त्या वेळी घरातलं कुणी शुद्धीवर नसतं, म्हणून हे काम गटातल्या बाईनं किंवा शेजाऱ्यानं करावं.

इथं आपल्या रीतीचाही विचार करा. नवरा गेला की बाईनं घराबाहेर पडायचं नाही, असं अजून बऱ्याच गावांत आहे. २१ दिवसांची मुदत तर त्याच दिवसांत संपते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तो बांगड्या-कुंकवापुरता नाही असं आम्हाला वाटतं. तो कचेरीपर्यंत जाण्याचाही आहे.

दुसरं, बँकेचं पासबुक. मालकांच्या पासबुकात मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये कापलेत का बघा. तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो. मृत्यू कसाही झाला तरी वारसाला दोन लाख मिळतात. २० रुपये कापले असतील तर तो अपघाती विमा. दावा लगेच करावा. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू असेल तर कृषी खात्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्यातही दोन लाख मिळतात. वहिनींच्या मालकांच्या पासबुकात ४३६ रुपये सापडले. चार महिने ते पासबुक त्याच पिशवीत होतं, आणि कुणी उघडलं नव्हतं.

तिसरं, स्वतःचं खातं आणि आधार. सरकारी पैसे आता थेट खात्यात येतात, आणि ज्या खात्याला आधार शेवटी जोडलं असेल तिथंच जातात. अर्जात एका बँकेचा नंबर दिला आणि आधार दुसरीकडं जोडलेलं असेल, तर पैसे दुसरीकडं पडतात आणि आपण पहिल्या बँकेत हेलपाटे घालतो. बँकेत जाऊन एवढंच विचारा, “माझ्या याच खात्यात थेट लाभ येईल का?”

चौथं, वारस नोंद आणि घराचा नमुना आठ. दोन्ही एकाच आठवड्यात धरा.

पाचवं, रेशनकार्ड. गेलेल्या माणसाचं नाव कमी करा आणि कार्ड बाईच्या नावावर घ्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणं १८ वर्षांवरची घरातली सर्वांत मोठी बाई हीच कुटुंबप्रमुख असते.

सहावं, उत्पन्नाचा दाखला काढून निराधारचा अर्ज. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिन्याला १५०० रुपये मिळतात. कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा असताना गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकदाच २० हजार. दोन्ही अर्ज तहसीलच्या त्याच शाखेत द्यायचे, पण दुसऱ्याचं नाव आपण घेतल्याशिवाय कुणी काढत नाही.

सातवं, मुलांसाठी बालसंगोपन योजना. हिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. एक पालक गेलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, आणि मंजुरी बालकल्याण समितीची. हेच ते सहावं दार, जे वहिनींना माहीत नव्हतं. तहसीलच्या एकाही खिडकीवर त्याचा फलक नव्हता, कारण ते त्यांचं खातं नाही.

आणखी एक. अशा दाखल्यांसाठी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. बऱ्याच ठिकाणी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच सही केलेली झेरॉक्स चालते. कुणी स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर नियम दाखवा म्हणा, अगदी हसून म्हणा, पण म्हणा.

ग्रामसंघ काय करू शकतो

वहिनींची पिशवी बघितल्यावर आम्ही ग्रामसंघाच्या नावानं एक पत्र लिहिलं. तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि रेशन दुकानदार, सगळ्यांना एकाच दिवशी एका तासासाठी ग्रामपंचायतीत बोलावलं. प्रत तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांना दिली. पहिल्या वेळी दोघंच आले. दुसऱ्या महिन्यात चौघं. त्या एका तासात वहिनींसारख्या सहा बायकांचे कागद समोरासमोर तपासले गेले. तलाठी म्हणाले, “मला कळलंच नव्हतं की यांचे मालक वारले.” ग्रामसेवक शेजारीच बसले होते. तेव्हापासून आमच्या गावात मृत्यूची नोंद झाली की ग्रामसेवक तलाठ्यांना फोन करतात. कुठलाही आदेश निघाला नाही. पण साहेब बदलले तर ही सवय मोडेल, हेही आम्हाला माहीत आहे. म्हणून आम्ही ती ठरावात घातली.

तुम्हीही महिला ग्रामसभेत ठराव मांडा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथला ठराव ग्रामसभेपुढं जातो. ठराव असा, की गावात कुणाचा मृत्यू झाला तर महिन्याच्या आत ग्रामपंचायत, तलाठी आणि अंगणवाडी सेविका यांनी मिळून त्या घरी जावं आणि लागणाऱ्या कागदांची यादी द्यावी. गावच्या विकास आराखड्यात ग्रामसंघाचा हक्कांचा आराखडा जोडला जातो, त्यात या बायकांची नावं घाला.

काम अडलं तर महिला लोकशाही दिन आहे. तालुक्याला महिन्याच्या चौथ्या सोमवारी, जिल्ह्याला तिसऱ्या सोमवारी. तिथं वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी एकत्र बसतात, म्हणून दोन खात्यांच्या मधे अडकलेलं काम नेण्याची ती योग्य जागा. अर्ज आधी द्यावा लागतो, नमुना तहसीलमध्ये किंवा बालविकास कार्यालयात मागा.

आणि प्रत्येक गटात एक वही ठेवा. वहिनींच्या लेकीनं ठेवली तशी. तारीख, कुठं गेलो, कोण भेटलं, काय सांगितलं, पोच क्रमांक. अपील करताना हीच वही कामाला येते. तोंडी सांगितलेलं साहेब विसरतात, आपणही विसरतो.

वहिनींनी हक्कसोडीवर सही केली नाही. सातबारावर आता त्यांचं, सासूबाईंचं आणि दोन्ही मुलांचं नाव आहे. विम्याचे पैसे मिळाले. निराधारचे पैसे मंजुरीच्या पुढचेच आले, मधले महिने गेले ते गेले. मुलांचा बालसंगोपनाचा अर्ज अजून जिल्ह्याला पडून आहे, त्याचा पाठपुरावा आम्ही करतोय. दिरांशी बोलणं आहे, पण पहिल्यासारखं नाही.

वहिनी आता आमच्या ग्रामसंघाच्या हक्क समितीत आहेत. गावात कुणाच्या घरी वाईट घडलं की दहाव्याच्या आत जाऊन त्या दोनच गोष्टी विचारतात: नोंद झाली का, आणि पासबुक कुठं आहे. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही विचारा, आपल्या गावात अशी पिशवी कुणाच्या घरी पडून आहे का. असेल तर ती सतरंजीवर ओता आणि सगळ्या मिळून बघा.